फाट्यावर अडकलेली पिशवी

हॅलो?… हां, बोल देवू… आवाज काहून असा?… वारंगा फाट्यावर उतरलीस? मंग ये की घरी, कळमनुरीच्या गाड्या काय कमी हायेत?… गेल्या?… तुझ्यासमोरून गेल्या अन् तू चहा पीत बसलीस?

बरं, रड. पण चहा संपव आधी, गार होईल…

हो, हो… अगं ऐकून राहिले ना. सर काय म्हणले?… पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पीएचडी एवढ्यात न्हाई… थांब, मला नीट समजू दे. तुझं ते यीस्ट, म्हणजे खमीर. त्याच्या पेशीत माल भरलेल्या बारक्या पिशव्या फिरतात, बराबर? पिशवी भिंतीपाशी आली की एक प्रथिन तिला धरून जवळ ओढतं, मंग पिशवी भिंतीत मिसळती, माल पोचतो… हां. ते ओढणारं प्रथिन तू काढून टाकलं. पिशव्यांचा ढीग लागायला पाहिजे होता… अन् लागलाच न्हाई?… पेशी खुशाल जगली?… दुसऱ्याच कुणीतरी तेच काम केलं!

मंग रडायचं काय त्यात? तुझ्या बाबांपेक्षा शहाणं म्हणायचं ते खमीर. मी तापानं पडले होते तवा हे कुकरसमोर उभे राहून मला विचारत होते, ‘ही शिट्टी वाजवायची कशी?’…

हसलीस ना? हां…

काय?… बॅनर? कोणी फोटो पाठवला तुला?… हो, लावला होता बाबांनी. भर चौकात. ‘डॉ. देवश्री यांचे हार्दिक अभिनंदन’. मी म्हणले होते, परीक्षा तर होऊ द्या. ऐकतील तर ना! शेजारच्या कमलबाई गुडघ्याचा एक्स-रे घेऊन दारात. ‘डॉक्टरीण कवा येती?’ मी म्हणलं, आमची पोरगी फक्त खमीर तपासती, तुमी आधी फुगून या…

अगं ऐक ना, तो आता चौकात न्हाई!… गच्चीवर हाय. त्याच्यावर हळद वाळू घातली. लग्नाआधीच हळद लागली तुला… मी न्हाई काढला, बाबांनीच काढला. काल तुझा मेसेज आला, ‘येते, बोलायचं आहे’. वाचला, शिडी उचलली अन् गेले. थेट चौकात…

चिडले? छ्या! तेच तर सांगून राहिले. रस्त्यापलीकडं बघ. टायरच्या दुकानापाशी… मोटरसायकल… डोक्याला रुमाल… हो, तेच. तुझ्याआधी त्यांचा फोन झाला. ‘ती चहा पिऊन राहिली, मी कोणत्या तोंडानं जाऊ? मीच घाई केली.’ घ्या! इकडून पिशवीचा फोन, तिकडून भिंतीचा. अन् मधे धरून ओढायला मी, भाजी करपवून!

हात वर कर… कर गं… पाहिलं त्यांनी?… अन् मान खाली घातली? काय माणूस हाय बाई… थांब, त्यांचाच फोन येऊन राहिला मला… न्हाई, उचलत न्हाई मी. आज कोणाचाच न्हाई…

तू काय म्हणशील ते म्हण, मी ठेवते. प्रथिन काढून टाकलं समज. बघू तरी, पेशी जगती का.