विहाराच्या फळ्यावरचा पत्ता

मी, जना नागू रोकडे, वय २९ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बौद्धवाडा, कडाव, तालुका कर्जत, आज ता. १४ नोव्हेंबर १९८८ रोजी पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून समक्ष सांगते की,

आमच्या विहाराबाहेर काळा फळा आहे. कोणाकडे काय मिळेल ते मी दर रविवारी त्यावर खडूने लिहिते. दहावीची जुनी पुस्तकं, बाळंतिणीची खाट, असलं काहीबाही. वस्तू मी ठेवत नाही, फक्त पत्ता लिहिते. आजवर कोणाची तक्रार नाही.

माझा धाकटा भाऊ पांडू साजगावच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर कामाला आहे. आमच्या वाड्यातला पहिलाच. यंत्रांचे नकाशे काढायच्या परदेशी प्रोग्रामची फ्लॉपी त्याने सरावासाठी घरी आणली होती. ती कारखान्याबाहेर न्यायला बंदी आहे, हे त्याने मला सांगितलं होतं.

तरी ता. ३० ऑक्टोबर रोजी मी फळ्यावर लिहिलं, "कॉम्प्युटरचा नकाशाचा प्रोग्राम, पांडू रोकडे, विहारामागे." भावाचं कौतुक मिरवायची माझी हौस, दुसरं काय! चार जण आले. पांडूने चौघांनाही परत पाठवलं आणि माझ्यावर ओरडला, "ताई, पुस गं ते!" मी म्हटलं, "मी कुठं काय देतेय? नुसतं लिवलंय." पुसलं नाही.

ता. ५ नोव्हेंबर रोजी दुपारी पांडू कामावर असताना खोपोलीचा एक अनोळखी माणूस आला. आमची आई गंगाबाई हिने त्याला चहा दिला आणि फ्लॉपीही दिली. मला म्हणाली, "तूच फळ्यावर लिवलंस, म्हंजे देयाचीच असंल. लांबून आलावता बिचारा." आईला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

तीच फ्लॉपी दुसऱ्या कारखान्यात सापडली. परवापासून पांडू कोठडीत आहे. नुसता पत्ता लिहिला म्हणून मलाही आत घालतील का, हे मी हवालदारांना तीनदा विचारलं.

"फ्लॉपी मीच दिली, फळ्यावरही मीच लिहिलं," असा पांडूचा जबाब मला वाचून दाखवला. तो खोटा आहे. फळ्यावरचं अक्षर माझं आहे. मी ते अजून पुसलेलं नाही, कोणीही जाऊन बघावं.

हा जबाब मला वाचून दाखवला. पांडूने पुसायला सांगितल्याची ओळ तुमच्याच अंगाशी येईल, काढू का, असं हवालदारांनी विचारलं. मी राहू दे म्हटलं. बाकीचंही माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.