सगळ्या बटणांचं एकच घर

—नाही, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही बरोबरच बटण दाबलंत. आधी पहिल्या मजल्याचं, मग चौथ्याचं, मग परत पहिल्याचं म्हणता ना — ऐकलं मी, सगळी इथेच वाजली. म्हणून तर म्हणालो वर या, त्या स्पीकरमधून ओरडून समजावायला माझ्यात आता जीव नाही. बसा. खुर्चीवर बसा, सोफ्यावर नको, सोफ्यावर माणूस आहे, चादरीखाली. आता मी सांगतो ते शंभर टक्के खरं आहे, आईशप्पथ — म्हणजे आईची नको, तिचं बीपी आधीच वर असतं — याची घेतो, हा जो चादरीखाली आहे त्याची. माझा मेव्हणा. याची शपथ घेऊन थोडं इकडचं तिकडे झालं तरी माझी हरकत नाही.

तुम्ही कोणाकडे आलात — थांबा, सांगू नका, आधी ऐका, मग मीच पोचवतो. रोज पोचवतो. पार्सलवाले, दूधवाला, दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला भेटायला येणारा तो उंच पोरगा, ज्याचं तिच्या बापाला माहीत नाही आणि मला माहीत आहे — मला काय गरज होती हे माहीत असण्याची? मी बेकरीत पाव भाजतो. रात्र भट्टीपुढे जाते, सकाळी येऊन आडवा होतो, डोळा लागतो न लागतो तोच टिंगटाँग. कोण? पाचव्या मजल्याचा प्लंबर. परत आडवा. टिंगटाँग. कोण? तोच प्लंबर, पान्हा विसरला होता.

तर हा. बायकोचा धाकटा भाऊ. नोकरी शोधायला आठवडाभरासाठी आला — तो आठवडा आता म्हातारा झाला. शेवटी एक घंटांची कंपनी म्हणाली, ही इमारत घे, हिच्या दारावरच्या पेटीचा प्रोग्रॅम लिही, आमचा माणूस येऊन तपासेल, चालला तर कायम करू, राहायला खोली देऊ. खोली. ऐकलंत ना? तो शब्द ऐकून मी याला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. याने लिहिला. जावास्क्रिप्टमध्ये — मला आधी वाटलं सर्दीवरचं औषध असेल. लूपच्या आत लूप — लूप म्हणजे तेच काम फेऱ्या मारून मारून. बाहेरचा लूप मजल्यांचा, आतला घरांचा. पहिला मजला घ्या, त्यातली सगळी घरं संपवा, मग दुसरा घ्या. प्रत्येक बटणाला सांगायचं, बाबा, तुला कोणी दाबलं की अमक्या घरी वाजव. सोपं आहे की नाही? मी असतो तर एकेका बटणाच्या कानात घराचा नंबर सांगितला असता. याने काय सांगितलं? त्या पाटीवर लिहिलंय ते घर. आणि पाट्या किती? एक. पहिलं घर लिहिलं, पुसलं, दुसरं लिहिलं, पुसलं — पुसत पुसत शेवटी पाटीवर उरलं काय? शेवटच्या मजल्याचं शेवटचं घर. हे. आणि माणूस बटण दाबायला येतो कधी? सगळी पुसापुशी उरकल्यावर. मग कुठलंही बटण दाबा, ते बिचारं मान वर करून पाटी वाचतं आणि मला उठवतं. मूर्ख आहे का हा? नाही हो, हुशार आहे, तीच तर पंचाईत. मूर्खाला समजावता येतं.

मग एक दिवस म्हणाला, दाजी, सापडलं, पाटी मांडताना मी व्हॅर लिहिलं होतं, लेट लिहायला हवं, लेटला प्रत्येक फेरीत नवी पाटी मिळते. लिहिलं. खाली जाऊन बटण दाबलं. वाजली — इथेच. का? कारण लेट लिहिलं, पण कुठे लिहिलं? दोन्ही लूपच्या बाहेर, पार वरती. म्हणजे पाटी नवी आणली, पण तीही एकच, आणि तीही चव्हाट्यावर टांगली. मग घराची पाटी आत नेली, मजल्याची राहिली बाहेर. आता घर बरोबर, मजला मात्र आमचाच. खालच्या सगळ्या मजल्यांच्या पहिल्या घरांच्या घंटा वाजायला लागल्या आमच्या मजल्यावरच्या पहिल्या घरात, आणि तिथे राहतात वकीलबाई. आल्या दारात. म्हणाल्या, कंपनीकडे लेखी तक्रार करते. लेखी. तक्रार गेली की याची नोकरी गेली, नोकरी गेली की खोली गेली, खोली गेली की हा — पाय बघा, पाय बघा कुठवर आलेत चादरीबाहेर. मी पाया पडलो त्यांच्या. पडलो म्हणजे, वाकलो. आणि याला म्हटलं, बाळा, ते आधी होतं तसं कर, सगळ्या घंटा माझ्याकडे आण, मी बघतो. सुधारलेलं कोणी हट्टाने बिघडवून घेतं का? मी घेतलं.

तेव्हापासून ती पेटी म्हणजे मी. घंटा वाजली की विचारायचं कोण पाहिजे, त्या घरी फोन लावायचा, खालचं दार उघडायचं, पडायचं. आणि हा घोरतो. स्वतःचीच घंटा याला ऐकू येत नाही. बायकोशी बोलायची सोय नाही — एकदा तोंड उघडलं तर म्हणाली, माझा भाऊ निदान काहीतरी नवीन करतो, तुमचा आपला रोज तोच पाव.

मजल्याची पाटीही आत का नेत नाही? नेली की. नेल्याबरोबर दारावरचा स्क्रीन काळाठिक्कर. तो ‘अमुक मजला, स्वागत आहे’ दाखवणारा भाग पडला लूपच्या बाहेर, त्याला आतली पाटी दिसेना, म्हणून रुसून त्याने सगळी पेटीच बंद पाडली. बाहेर ठेवली तर घंटा चुकते, आत नेली तर स्क्रीन मरतो. आणि कंपनीचा माणूस आला की आधी बघणार स्क्रीनच. मग काय करावं माणसाने, सांगा.

काय म्हणालात?

बाहेरची बाहेरच राहू द्यायची. आत वेगळ्या नावाची दुसरी घ्यायची, प्रत्येक फेरीला नवी, तिच्यावर बाहेरच्या पाटीचा आकडा उतरवायचा, आणि बटणाला ही आतली दाखवायची — बस? एका ओळीचं काम? माझी झोप एका ओळीत मावत होती?

पण मी तर तुम्हाला पार्सलवाला समजलो, पार्सलवाल्याला हे कसं ठाऊक? पार्सल कुठाय तुमचं? आणि वाट चुकलेला माणूस एकच बटण चारदा दाबतो, तुम्ही तर मजले बदलून बदलून — कोणाकडे आलात तुम्ही?

हं.

म्हणजे कंपनीचे तुम्ही. उद्या येणार होतात ना.

नाही, उठू नका. मी सगळं ओकून बसलोय, आता गिळता येणार नाही. करा नापास. पण मला एक सांगा, तुमच्या पेटीने इतक्या दिवसांत एक घंटा बरोबर घरी नेली नाही, तरी इमारतीत एक माणूस चुकला नाही, तुमच्याकडे एक तक्रार आली नाही. ते काम केलं कोणी? त्याचा पगार द्या. नाहीतर याला ठेवून घ्या, ती एक ओळ तुम्हीच शिकवा, खोली द्या, आणि आत्ताच्या आत्ता उचलून न्या. उशीसकट देतो. बघा काय परवडतं ते.

पाकिटाला हात घातलात.

नीट विचार करून घातलात ना? एकदा त्याच्याकडे बघून घ्या हवं तर. बरं. म्हणजे हा इथेच. मग ठेवा टेबलावर. आणि पुढच्या महिन्याचेही आत्ताच ठेवा.