वीसचे अडुसष्ट

हॅलो? … हो, बोल ना गं. … नाही, कपडे वाळत घालत होते. … भट्टी लावलीस? एकटीने? … हो, आता किल्ली तुझ्याकडेच की. माझ्याकडून तर बाईंनी काढून घेतली.

अगं, टोमणा नाही मारत. बाईंची प्रदर्शनाची सगळी मातीची भांडी माझ्या हातून गेली. त्यांच्यावरचा काचेचा लेप वितळून भट्टीतल्या फळीला असा चिकटला, छिन्नीनेही सुटेना. मीच बटण जास्त फिरवलं, दुसरं काय? तूच म्हणालीस ना बाईंना, आकडा बरोबर सांगितला होता, हिचाच हात घसरला असेल…

बरं, काय अडलंय? … दहा सेल्सिअसने कमी करायचंय… हो, आणि आपल्या जुन्या भट्टीवर फॅरनहाइट. नेहमीचं रडगाणं. … मग किती कमी करतेस? … अठरा?

थांब, थांब. अठरा कसे? … अगं ऐक ना, मागे वीसने वाढवायचं होतं, तेव्हा तू मला अडुसष्ट सांगितलंस. मी दोनदा विचारलं. त्या हिशेबाने दहाचे पन्नास व्हायला हवेत.

… हं. … हं. … बत्तीस मिळवायचे नसतात? … तापमान किती आहे विचारलं तर मिळवायचे, कितीने वाढवायचं विचारलं तर नाही… म्हणजे कितव्या मजल्यावर आहोत ते वेगळं, आणि किती मजले चढायचे ते वेगळं. कळलं. म्हणजे वीसचे छत्तीस.

छत्तीस गं! आणि मी अडुसष्टने वाढवलं. डोळे मिटून, तुझ्या सांगण्यावरून.

नाही, चुकलीस त्याचं काही नाही. चुकतं माणूस. तुला हे कळलं कधी, ते सांग. … काल? खोटं नको बोलूस. … बाईंसमोर जायच्या आधी? … आधीच.

म्हणजे मी तिथे मान खाली घालून रडत होते, आणि तू सगळं माहीत असून माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस? अगं, तेव्हापासून मी माझ्याच हाताला बोल लावतेय. चहा गाळतानासुद्धा भीती वाटते, सांडेल म्हणून.

… तुझी किल्ली गेली असती. हो ना. म्हणून माझी घालवलीस.

… काय? … हो, भट्टी तापतेय, कळतंय मला. … अठराच. बरोबर आहे तुझं. अठराने कमी कर. आत बाईंचे कप आहेत, त्यांनी कुणाचं काय बिघडवलंय?

… नाही, रागावले नाही. राग आपल्या माणसाचा येतो. ठेवते.