चौदावर थांबलेले मीटर

समोरचा गप्प असताना त्याचे कालचेच उत्तर आपण आजचे म्हणून सांगितले, तर ते खोटे ठरत नाही का? मी ते केले आहे.

बार्शीटाकळीच्या जिनिंग कारखान्यात कापसाचा ओलावा मोजणारे मीटर दोन तारांनी लिनक्सच्या छोट्या संगणकाला जोडले होते. त्यावरचा सी भाषेतला प्रोग्राम मी लिहिलेला. एका सकाळी पहिल्या गाडीतला कापूस चौदा टक्के ओला निघाला; बाराच्या वर गेला की गाडी परत. नंतरच्या प्रत्येक गाडीलाही मीटर चौदाच दाखवू लागले आणि ती परत जाऊ लागली.

कापूस घेऊन आलेल्या शकुंतलाबाई मात्र हलेनात. “चार दिवस वाळवला बापा. ओला कावून म्हनता?”

पारख करणाऱ्या रहीमचाचांनी त्यांची सरकी दाताखाली धरली. ती कटकन फुटली. “कोरडी हाये सायेब. तुमचं यंत्र मांगच्याच गाडीचं सांगून राहिलं.”

मला कुतूहल वाटले. तार काढून पाहावी म्हणून हात लावला, तर ती आधीच सुटलेली होती. पडद्यावर चौदा तसेच.

मीटरचे उत्तर आले नाही, तर मागचाच आकडा दाखवावा, असे मीच लिहिले होते. रिकाम्या पडद्याने माझे काम अपुरे दिसू नये म्हणून.

बाईंचा कापूस घेतला गेला. मालकांनी मला शिक्षा सुनावली: परत गेलेल्या गाड्या स्वतः जाऊन बोलावायच्या आणि हंगामभर प्रत्येक गाडीची सरकी चावून पाहायची. ईश्वरसाक्ष सांगतो, पौषात माझी दाढ तुटली.