सासूबाईंच्या पोटातले खडे

आमच्या सासूबाईंचं सांगितलं का गं तुला? मी नवी नवरी असताना त्यांच्या पोटात अशी कळ उठली, की उंब्रजहून जीपनं तडक मिरजेला नेलं. अपेंडिक्स फुटलं की काय, अशी मला धास्ती. तिथे सोनोग्राफीचं मशीन नवंच आलेलं. डॉक्टरांनी पोटाला तेल लावून ते फिरवलं आणि म्हणाले, "अपेंडिक्स नाही. पित्ताशयात खडे आहेत."

सासूबाई कळ विसरून उठून बसल्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिला रोज सांगत हुते, तांदूळ नीट निवड!"

डॉक्टर हसले. "मावशी, हे आतच तयार होतात. आणि सून यायच्या आधीपासूनचे दिसतात."

सासूबाईंनी माझ्याकडचं बोट खाली घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे माज्या सासूनंच घातलं असतील. तिचा लय राग हुता माज्यावर!"