जीभ घासण्याचा आवाज

तिचे वडील नुकतेच वारले होते; सकाळी त्यांच्या खाकरण्याने जागं होणारं घर आता गप्प असायचं. दुखरी दाढ घेऊन ती दातांच्या दवाखान्यात बसली होती, आणि शेजारीच एका आजी-आजोबांची जुंपली होती.

“डॉक्टरांना सांगणारच आहे मी. सांगा यांना, जीभ घासताना पूर्वीसारखे ओरडत जा म्हणून.”

“अगं, अख्खी इमारत जागी होते म्हणून तूच कटकट करायचीस ना?”

“म्हणून लगेच ऐकायचं? जन्मात कधी ऐकलंत माझं?”

“जिभेवरची पट्टी हळू फिरवली, उमासा आला नाही. बरंच झालं की!”

“काय बरं? बाथरूममध्ये चिडीचूप! मला वाटलं, आटोपलं सगळं. दार तोडायला शेजारी गोळा केले, तर हे टॉवेलवर हजर!”

“टॉवेल होता हे नशीब समज.”

“चेष्टा नको. पुन्हा असं गुपचूप घासायचं नाही.”

“बरं बाई, उद्यापासून काढतो आवाज. ऑऽऽक! एवढा पुरे?”

“आणखी जोरात, आजोबा,” ती पटकन बोलून गेली.