घरी हाक कशी मारता?

तुम्ही हसान, पण त्या दिवशी माह्या काळजाचं पाणी झालतं. आमच्या यायले, म्हंजे माह्या मालकायले, लकवा झाला तेव्हापासून समजते सारं, शब्द तेवढे निघत नाई. म्हणून दर गुरुवारी आम्ही आंजीवरून नालवाडीले जातो. तिथं असेच पाच-सहा जण बसून बोलाचा सराव करते. घरच्यायनं मागं बसाचं अन् शब्द सुचवाचा नाई, हा तिथल्या मॅडमचा नियम.

त्या गुरुवारी मॅडमनं यायले विचारलं, "काका, काकूंचं नाव काय?"

हे माह्याकडे पाहूनच राह्यले. ओठ हालले, कपाळावर घाम आला, पण नाव काई निघालं नाई. मी तोंडात पदर कोंबून बसली. चाळीस वर्षांचा संसार, अन् माहं नावच पुसल्या गेलं?

घरी येऊन नणंदेले फोन लावला अन् रडली. "बाई, तुमचे दादा माहं नाव विसरले."

नणंद म्हणे, "वहिनी, दादानं तुमचं नाव घेतलं तरी कधी होतं? आपल्या घरात कोणता माणूस बायकोचं नाव घेते?"

खरंच की! पुढच्या गुरुवारी मीच मॅडमले म्हटलं, "त्यायले विचारा, घरी बायकोले हाक कशी मारता."

मॅडमनं विचारलं. यायनं मान वळवली, जोर लावला अन् बोलले, "अवं!"

"आली जी!" म्हणत मी उठून उभीच राह्यली. नियम गेला उडत. सारे हसले.

पण धाकधूक काई गेली नाई. आता घरी यायनं हाक मारली का पहिल्या वेळी मी ओ देतच नाई. दुसऱ्यांदा निघते का, ते ऐकाचं असते मले.